खानावळीच्या पिक्चरचा शेवट

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत घेऊन सांगितलं, "इंजेक्शनं चालू ठेवू, पण आज जेवढं दिसतंय तेवढं पुढच्या वर्षी दिसेलच असं मी म्हणणार नाही." आईला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. माणूस समोर बसला तर त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. घरी येताना रिक्षात मी तिला विचारलं, "आई, तुला काय काय बघायचंय ते सांग, आपण सगळं बघून घेऊ." माझ्या डोक्यात काशी होती, गेला बाजार तिरुपती. आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मला तो खानावळीचा पिक्चर बघायचाय. तुझ्या अण्णांचा."

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी म्हटलं, "काशी सोडून पिक्चर?" तर म्हणाली, "काशी कुठं पळून चाललीय? आणि तिथं काय, घाटावर सगळ्यांची डोस्कीच बघायची." रिक्षावाला हसला. मी त्याच्याकडे रागानं बघितलं. मला राग लवकर येतो. शाळेत तीस-पस्तीस वर्षं गणिताची बाई होते, त्यातून ही खोड लागली असेल, किंवा आधीचीच असेल.

आता हा खानावळीचा पिक्चर काय, ते सांगायला पाहिजे.

अण्णा पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. आम्ही तेव्हा गुलमंडीच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायचो. गावाचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता संभाजीनगर झालंय, गल्ली आहे तिथंच आहे. दर रविवारी सकाळी टॉकीजला इंग्लिश पिक्चर लागायचा. घोड्यांचा, बंदुकांचा, धुळीचा. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून सायकलवर जायचे. बायका त्या शोला जात नसत. कुणी अडवायचं नाही, पण कुणी जायचंही नाही. आणि रविवारी सकाळी नळाला पाणी यायचं, ते सोडून कोण बाई घोडे बघायला जाणार?

पण आईला नाटकाचं भारी वेड. रेडिओवर नाटक लागलं की ती कणकेचा हात तसाच धरून बसायची. शेजारची वहिनीही भिंतीला टेकून बसायची. मग अण्णांनी काय केलं, इंग्लिश पिक्चरचंच रेडिओवरचं नाटक करायला सुरुवात केली. रविवारी जेवणं झाली की ते पाटावर बसायचे, धोतराचा सोगा खोचायचे आणि म्हणायचे, "हां, डोळे मिटा." आम्ही सगळे डोळे मिटायचो. दोन करवंट्या फरशीवर आपटल्या की घोडा यायचा. सुपात तांदूळ फिरवले की वारा सुटायचा. फडताळाचं दार करकरलं की दारूच्या गुत्त्यात कुणीतरी शिरलं. बंदूक म्हणजे अडकित्ता, आणि मोठी बंदूक असेल तर पाटावर लाटणं. शेजारच्या वहिनीचं तान्हं पोर दचकून उठायचं, आणि ती म्हणायची, "भावजी, गोळ्या जरा हळू झाडा."

अण्णांचं इंग्लिश म्हणजे ऑफिसातल्या पत्रापुरतं. पडद्यावरचे गोरे लोक नाकातून काय बोलतात ते त्यांना कितपत कळत होतं, देव जाणे. पण त्यांच्या पिक्चरमधला फौजदार तहसीलदारासारखा बोलायचा. "सदर इसमास कळविण्यात येतं, की सूर्यास्तापूर्वी गाव सोडावं, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल." हिरो मात्र आमच्याकडच्या दखनी हिंदीत बोलायचा. "नक्को जी, मैं नै जाता. कायकू जाऊं?" आणि बाई कुणीही असो, राणी असो की चोराची बायको, ती आईसारखी बोलायची. आई देवगाव रंगारीची. तिच्या बोलण्यात तिचं गाव अजून आहे. अण्णा पदर ओढल्यासारखं करायचे आणि हुबेहूब तिच्या आवाजात म्हणायचे, "मारामारी मागून करा, आधी जेवून घ्या, भाकरी निवायलीय." आम्ही हसून लोळायचो. आई लटकं रागवायची, "मी अशी बोलते व्हय?" आणि पुढं ऐकायला सरसावून बसायची. हिरो-हिरॉईन जवळ आले की अण्णा खाकरून म्हणायचे, "मग त्यांनी एकमेकांना नमस्कार केला." असे नमस्कार एका पिक्चरमध्ये कितीतरी व्हायचे.

खानावळीचा पिक्चर ह्या सगळ्यांत आईचा लाडका. ओसाड गाव, तिथं एक विधवा बाई खानावळ चालवते. गावातल्या गुंडांना तिची जागा पाहिजे. एक परका माणूस घोड्यावरून येतो, जेवतो, तिथंच थांबतो, गुंडांना सरळ करतो. शेवटी तो घोड्यावर बसतो आणि बाईला म्हणतो, चल माझ्यासोबत. बाई म्हणते, "मी खानावळ सोडून कुठं येऊ? तुम्हालाच राहायचं तर राहा. पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या." इथं अण्णा थांबायचे. करवंट्या हातात, वाजवायच्या नाहीत. सगळी गल्ली गप्प. मग ते करवंट्या हळूच खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "उतरला."

बस. उतरला. वहिनी डोळे पुसायची. आई उठून चहा टाकायची, पण चेहरा असा असायचा की त्या दिवशी काहीही मागावं, मिळायचं. हा पिक्चर अण्णांना किती वेळा सांगायला लावला असेल, त्याचा हिशोब नाही.

पुढं घरोघरी टीव्ही आले. त्यावर पण तेच घोडे, तेच टोपीवाले यायला लागले. आम्ही अण्णांना हाका मारायचो, ते बसायचे नाहीत. "एवढ्याशा खिडकीतून घोडा बघायचा का? मांजरीएवढा दिसतो," म्हणायचे आणि बाहेर ओट्यावर जायचे. टॉकीज बंद पडली, सकाळचे शो गेले, रेडिओवरची नाटकंही कुणी ऐकेना. अण्णा शेवटची वर्षं कमीच बोलायचे. आम्हीही कधी म्हटलं नाही, की अण्णा, एक पिक्चर सांगा. आमच्या हातात रिमोट आला होता ना! ह्याचं मला आता फार वाईट वाटतं. म्हणजे नुसतं वाईट नाही, स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

तर आईला तो पिक्चर दाखवायचा होता. पण नाव काय त्याचं? अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं. मी आठवडाभर मोबाइलवर शोधलं. विधवा, खानावळ, घोडा, असं लिहून काय मिळतं ते विचारू नका. शेवटी आईच म्हणाली, "खुलताबादच्या चाचांना इचार की. दोघं शेजारी शेजारी बसायचे."

चाचा म्हणजे अण्णांचे ऑफिसातले दोस्त. रिटायर झाल्यावर खुलताबादला वडिलांच्या घरी राहायला गेले. मी एका सकाळी घाट चढून गेले. चाचा आता पार वाळलेत, पण टोपी तशीच तिरपी. मला बघून आधी पाच मिनिटं रागावले, इतक्या वर्षांत आली नाहीस म्हणून. मग चहा, मग खारी, मग माझ्या गुडघ्यांची चौकशी. मी खानावळीच्या पिक्चरचं काढलं, तर त्यांनी चुटकीसरशी नाव सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. शेवट सांगून बसलेय, उगाच कुणाचे शिव्याशाप नकोत.

मी म्हटलं, "चाचा, तो माणूस शेवटी घोड्यावरून उतरतो, तोच ना?"

चाचा बघत राहिले. "उतरता? कौन बोला? नै नै बेटा. चला जाता वो. पलट को देखता बी नै."

मी म्हटलं, "अहो, अण्णांनी शंभरदा सांगितलंय आम्हाला."

मग चाचा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "तुम्हारे अब्बा एक बी पिच्चर का एंड नै देखे, बेटा."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. पिक्चर संपायला अर्धा तास राहिला, की अण्णा उठायचे. पिक्चर सुटल्यावर सायकल स्टँडवर अशी झुंबड व्हायची, की सायकल हातात पडेपर्यंत निम्मी दुपार. आणि घरी आई जेवायची थांबलेली. तिला पित्ताचा त्रास, उपाशी राहिली की डोकं उठायचं, उलट्या व्हायच्या. नवऱ्याच्या आधी ती जेवणार नाही, मग हे उठणार. ऐन गोळीबारात, लोकांच्या शिव्या खात, गुडघे ओलांडत बाहेर पडायचे. चाचा सोमवारी ऑफिसात म्हणायचे, "अरे, एंड तो सुन." तर अण्णा कानांवर हात ठेवायचे, "नक्को, नक्को. मी कालच घरी सांगून बसलोय. आता खरा ऐकला तर पुढच्या वेळी गडबड होईल." म्हणजे सायकलवरून घरी येता येता, गुलमंडीच्या गर्दीत, ते शेवट जुळवायचे.

मी चाचांच्या ओट्यावर बसून रडले. भर सकाळी, येणारे-जाणारे बघत असताना.

निघताना चाचा म्हणाले, "भाभी को नक्को बोलना ये सब." मी म्हटलं, "हौ, नाही बोलत."

घरी येताना बसमध्ये मी सगळं ठरवलं. पिक्चर लावायचा. तो माणूस शेवटी घोड्यावर बसला, की बंद करायचा. "संपला, उतरला तो," म्हणायचं. आईला नीट दिसतच नाही, इंग्लिश कळत नाही, कसं कळणार आहे तिला? सोपं होतं. पोराटोरांना भूमिती शिकवणाऱ्या बाईला एवढं जमायला हरकत नव्हती.

रविवारी सकाळीच लावला. आई नवीन लुगडं नेसून बसली. टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची, आणि मान तिरकी, कडेनं दिसावं म्हणून. मी शेजारी बसून सांगत होते कोण काय करतंय ते. आई एकदम खुशीत. फौजदार आला की म्हणायची, "हाच का तहसीलदार? लई बारीक आहे की गं." खानावळवाली आली. ती बिचारी दोन वाक्यं बोलायची आणि आत जायची. आई वैतागली, "हिला बोलूच देत नायत मेले. तुझे अण्णा किती बोलायचे हिचं." मग एका प्रसंगात तो परका माणूस आणि ती बाई जवळ आली, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. आईनं मान आणखी तिरकी केली, नीट बघितलं आणि म्हणाली, "अगं बया! नमस्कार असा असतो व्हय!" आम्ही दोघी इतक्या हसलो, की मला पिक्चर थांबवावा लागला.

तिथंच थांबवून ठेवला असता तर बरं झालं असतं.

मारामारी झाली, गुंड मेले. तो माणूस घोड्यावर बसला. बाई दारात आली. रिमोट माझ्या हातात होता, बोट बटणावर होतं. आणि मी दाबलं नाही. मला तो शेवट बघायचा होता. माझं वय साठीच्या पुढं गेलंय, पण त्या क्षणी मी पाटासमोर डोळे मिटून बसलेली पोरगी होते, आणि मला वाटत होतं, चाचा म्हातारे झालेत, चुकले असतील, उतरेलही.

नाही उतरला. घोडा वळला, धूळ उडाली.

आईनं विचारलं, "काय झालं गं? मला मधलं दिसंना. उतरला का तो?"

"उतरला," एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. जन्मभर अण्णा म्हणाले तो. माझ्या तोंडून निघालं, "नाही. चालला तो."

"कुठं?"

"निघून चालला, आई. संपला पिक्चर."

आईनं मान हलवली. "मग हा तो नाय. दुसराच लावलास तू. तुझं हे नेहमीचं, अर्धवट काम. नीट शोध."

मी म्हटलं, हाच आहे. ती म्हणाली, नाय. मी म्हटलं, चाचांनी नाव सांगितलंय. ती म्हणाली, चाचांना काय आठवतंय आता, त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाय. मी म्हटलं, अगं आई, हाच आहे, कशाला हट्ट करतेस? मग तिचा आवाज चढला. "म्हणजे तुझे अण्णा खोटं सांगत होते? एवढी वर्षं? खोटारडे होते का ते? बापाला खोटारडं म्हणायलीस तू?"

आणि माझं डोकं सटकलं. चाचांना दिलेला शब्द, बसमधलं ठरवणं, सगळं गेलं चुलीत. मी जवळजवळ ओरडलेच, "खोटारडे नव्हते! त्यांनी शेवट बघितलाच नव्हता! एकाही पिक्चरचा नाही! तू उपाशी राहतेस, तुझं डोकं उठतं, म्हणून उठून यायचे ते मधूनच. तुझ्यासाठी!"

म्हणजे कौतुकच सांगत होते मी, रागाच्या भरात का होईना. मला वाटलं, आई रडेल, पण बऱ्या अर्थानं रडेल. म्हणेल, असे होते बाई ते.

टीव्हीवर नावं चालली होती, वर वर जात होती. मी तो बंद केला. आईनं मांडीवरचा पदर सारखा केला, पुन्हा एकदा सारखा केला.

"मी जेवलेली असायचे गं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"पित्त होतं म्हणून तर. इतका वेळ कोण उपाशी बसंल? ते सायकल घेऊन गल्लीतून बाहेर पडले, की वहिनी आणि मी रात्रीची भाकरी खायचो. वर चटणी आणि कच्चं तेल. पाणी भरायच्या आधी. पोट गच्च भरलेलं असायचं माझं. मग ते आले की त्यांच्यासंग पुन्हा दोन घास चिवडत बसायचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आधी सासूबाई होत्या. नवऱ्याच्या आधी जेवते म्हटलं असतं, तर त्यांनी गावभर केलं असतं. त्या गेल्या, तवर सवय झाली. ते घामाघूम यायचे. सायकल टेकवायच्या आधी इचारायचे, जेवलीस? मी म्हणायचे, तुमच्या आधी कधी जेवलेय का मी? असा चेहरा फुलायचा त्यांचा. मग मला खरं सांगवायचंच नाय."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "जाऊ दे आई, त्यांना आवडायचं शेवट जुळवायला. चाचा म्हणाले, ते ऐकून घ्यायचेच नाहीत खरा शेवट." मी बोलतच सुटले. आपण केलेलं निस्तरायला माणूस काहीही बोलतो. म्हटलं, अण्णांचाच शेवट ह्याच्यापेक्षा शंभर पटीनं चांगला होता, ह्या मेल्याला काय, गेला घोडा हाकत.

आई ऐकत होती. तोंड माझ्याकडे, आणि नजर बाजूला, कारण तसंच तिला मी दिसते.

"एकदा जरी म्हटलं असतं," ती म्हणाली, "की जेवलेय मी, तुम्ही सावकाश बघून या." मग म्हणाली, "सांगायला आवडायचं त्यांना, व्हय. पण बघायला बी आवडलं असतं की गं."